न आलेल्या माशांचा हिशेब



खाडीत मेलेले मासे तरंगू लागले की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते. काठावरचे ग्रामस्थ संतापतात, तहसीलदारांना निवेदन दिले जाते, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येतात, पंचनामा होतो आणि पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत रवाना होतात. तोवर खाडीत भरती-ओहोटीच्या दोन फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. जे पाणी मारक होते ते समुद्रात पोहोचलेले असते आणि बाटलीत असते ते नंतर आलेले, निरपराध पाणी. अहवाल येतो : सर्व घटक विहित मर्यादेत. कारखाना म्हणतो, हे नैसर्गिक कारणाने झाले. मच्छीमार म्हणतो, हे दरवर्षीचेच आहे. दोघांपैकी कुणाकडेही कागद नसतो, आणि प्रकरण पुढच्या छायाचित्रापर्यंत मिटते.

आजच्या विवेचनाचा विषय हे मेलेले मासे नाहीत. मेलेला मासा निदान कुणीतरी पाहिला, मोजला, त्याच्या नावाने दोन घोषणा तरी झाल्या. जो मासा खाडीत आलाच नाही, त्याची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात होत नाही. आणि खाडीचे खरे नुकसान बहुतांशी याच प्रकारचे असते.

हे असे का, ते समजून घ्यायचे तर खाडीत कोण राहते ते पाहिले पाहिजे. खाडीतील मासळीचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक वस्तीची मासळी आणि दुसरी पाहुणी मासळी. निवट्या हा अस्सल रहिवासी. चिखलात बीळ करून तो राहतो आणि ओहोटीला उघड्या चिखलावर उड्या मारताना दिसतो. कालवे, तिसऱ्या, खुबे हे तर जागचे फारसे हलतही नाहीत. काळुंदर खाडीतच वाढते, खाडीतच अंडी घालते. याउलट कोळंबीचे पाहा. बहुतेक मोठ्या जातींची कोळंबी समुद्रात अंडी घालते आणि तिची तांदळाच्या दाण्याहून लहान पिल्ले भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत येतात. कांदळवनाच्या मुळांत, खाजणात ती काही महिने वाढतात आणि पुन्हा समुद्राकडे जातात. बोय समुद्रात अंडी घालते, तिची पिल्ले खाडीत चरायला येतात. रायगड जिल्ह्यात ज्याच्यावाचून जावयाचा पाहुणचार पुरा होत नाही, तो जिताडा पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाजवळ प्रजनन करतो आणि त्याची पिल्ले गोड्या-मचूळ पाण्याच्या शोधात आत शिरतात. जिताड्याची आणखी एक गंमत आहे. तो जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे जाळ्यात लागणारे मोठे जिताडे जवळजवळ सारे माद्याच असतात. ते येईनासे झाले की पुढची पिढीच थांबते.

खाडी म्हणजे, थोडक्यात, समुद्राची बालवाडी आहे. तिच्या दारात विषारी किंवा निर्जीव पाण्याचा पडदा उभा राहिला तर पाहुणी मासळी मरत नाही. ती मागे फिरते. माशाला पाण्यातील प्राणवायूचे प्रमाण आणि रसायनांचा दर्प आपल्यापेक्षा कितीतरी आधी कळतो. दहा वर्षे असे चालले तर खाडीत एकही मेलेला मासा न दिसता खाडी रिकामी होते. पंचनामा करायला काही उरतच नाही.

येथे एक साधी आकडेवारी ध्यानात घ्यावी. पाणी जितके उबदार तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. दहा अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर तो जेमतेम साडेसात, आणि पाणी खारे असेल तर सहाच्या आसपास. मासेमारी चालणाऱ्या किनारी पाण्यासाठी आपल्याकडील मानक किमान ४ मिलिग्रॅमचे आहे. म्हणजे आपल्या उष्ण खाडीच्या गाठीशी असलेली शिल्लक मुळात दोन मिलिग्रॅमची. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना ती शिल्लक काही तासांत संपवू शकते. विशेषतः पहाटे, जेव्हा शेवाळानेही रात्रभर प्राणवायू वापरलेला असतो. थंड देशातील नदी जेवढा भार सोसते तेवढा आपली खाडी सोसेलच असे नाही.

थंड देशातील नदीचा विषय निघालाच आहे, तर टेम्स नदीची कथा ऐकण्यासारखी आहे. ‘त्यांनी नदी शुद्ध केली, आपण का करत नाही’ हे पालुपद आपल्याकडे सभांतून नेहमी ऐकू येते. त्या कथेतील खरा बोधप्रद भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. तो भाग मोजणीचा आहे.

लंडनमधून वाहणारी टेम्स ही शेवटच्या टप्प्यात खाडीच आहे; भरती शहराच्या पार पश्चिमेपर्यंत चढते. एके काळी तिथे सामन मासा मुबलक होता. १८३३ नंतर तो दिसेनासा झाला. १८५८च्या उन्हाळ्यात नदीला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. मग जोसेफ बाझलगेट या अभियंत्याने प्रचंड भुयारी गटारे बांधली आणि शहराची घाण पूर्वेकडे बेक्टन आणि क्रॉसनेस येथे नेऊन नदीत सोडली. घाण वेशीबाहेर गेली, नदीतच राहिली. पुढे लोकसंख्या वाढली, कारखाने वाढले, महायुद्धात बाँबहल्ले झाले, धुण्याच्या रसायनांचा फेस आला. १९५७ साली लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने टेम्सचा हा भाग जीवशास्त्रीय दृष्टीने मृत असल्याचे जाहीर केले. संग्रहालयातील मत्स्यतज्ज्ञ अल्विन व्हीलर यांनी शोध घेतला तेव्हा क्यूपासून ग्रेव्हझेंडपर्यंतच्या साठेक किलोमीटरच्या पट्ट्यात ईल माशाखेरीज एकही मासा नांदत असल्याचा पुरावा मिळेना. ईल तगली, कारण ती पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकते.

आता व्हीलर यांनी काय केले ते पाहा. नदी सुधारते आहे की नाही हे कळायचे तर मासे मोजायला हवेत. मोजायचे तर जाळी, नावा, माणसे हवीत. आणि मृत घोषित झालेल्या नदीत मासे शोधायला पैसे देणार कोण? नदीकाठी वीजनिर्मिती केंद्रे होती. ती यंत्रे थंड ठेवण्यासाठी नदीचे पाणी प्रचंड प्रमाणात ओढून घेत. पाण्याबरोबर येणारा पालापाचोळा, लाकडे, चिंध्या अडवण्यासाठी तोंडाशी फिरत्या चाळण्या बसवलेल्या असत. त्या चाळण्यांत पाण्याबरोबर मासेही अडकतात. कामगार ते कचऱ्याबरोबर फेकून देत. १९६४पासून व्हीलर यांनी या केंद्रांना विनंती केली की अडकलेला मासा फेकू नका. ठेवा, तारीख लिहा आणि कळवा. ज्याच्याकडून नदीला उपद्रव होण्याचा संभव, त्याच्याच दारातील चाळणी मोजणीचे जाळे झाली! वीजकेंद्र दिवसरात्र, उन्हाळा-हिवाळा पाणी ओढते. असे अखंड चालणारे जाळे कुठल्याही संशोधन संस्थेला परवडले नसते.

त्यानंतर वर्षागणिक यादी वाढू लागली. सुरुवातीला तुरळक, मग दहा, मग वीस जाती. क्रॉसनेसचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र १९६०च्या दशकात आणि बेक्टनचे १९७०च्या दशकात आधुनिक झाले, पाण्यातील प्राणवायू वाढला, आणि चाळणीवर त्याचे उत्तर उमटत गेले. १२ नोव्हेंबर १९७४ रोजी वेस्ट थरक येथील वीजकेंद्राच्या चाळणीत एक सामन मासा सापडला. १८३३नंतरचा हा पहिला, असे मानले जाते. नदीसाठी खर्च झालेला पैसा वाया गेला की नाही हा वाद तिथे भाषणांनी मिटला नाही, कामगारांनी राखलेल्या नोंदींनी मिटला. नव्वदच्या दशकापर्यंत जातींची संख्या शंभराच्या वर गेली होती.

येथपर्यंतची कथा सुखान्त वाटते. तथापि मोजणी सुखान्तासाठी नसते. वेस्ट थरकचे केंद्र १९९३मध्ये बंद झाले आणि ती चाळणीही थांबली. मग किनाऱ्यावर जाळी ओढून, ओहोटीच्या पाण्यात पिल्ले मोजून काम पुढे चालू ठेवावे लागले. आज त्यात स्वयंसेवक मोठ्या संख्येने भाग घेतात. ३ ऑगस्ट २००४ रोजी मोठा पाऊस झाला, जुनी गटारे ओसंडली आणि हजारो मासे मेले. शहराच्या पोटातून गटाराचे पाणी वाहून नेणारा २५ किलोमीटरचा बोगदा अखेर २०२५मध्ये पूर्णपणे जोडला गेला, तो अशाच धड्यांतून. आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात टेम्समध्ये माशांच्या ११५ जाती असल्याचे म्हटले आहे. त्याच वेळी नव्वदच्या दशकाच्या आरंभापासून जातींच्या संख्येत किंचित घट दिसते आणि तिचे कारण अद्याप उलगडलेले नाही, असेही त्यातच नोंदवले आहे. आपल्या यशाची कीर्ती जगभर पसरली असताना ‘घट दिसते’ हे वाक्य छापण्याचे धैर्य साठ वर्षांच्या वह्यांमुळेच येते.

आता आपल्या घरी येऊ. रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठी नदी आणि तिची दाभोळ खाडी घ्या. भरतीचे पाणी पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. दोन्ही काठांवर भोई, खारवी, दालदी समाजाची गावे आहेत. पाग, बोकशी, गरी ही त्यांची पिढीजात अवजारे. परशुरामाच्या डोंगरावर लोटे-परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिथे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे आणि प्रक्रिया झालेले पाणी खाडीत सोडले जाते. ते पुरेसे प्रक्रियायुक्त असते का, यावर गेली कित्येक वर्षे तक्रारी, मोर्चे, बैठका चालू आहेत.

ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११च्या अहवालात लोट्याचा विस्ताराने परामर्श घेतला. वसाहतीत सुमारे ११ हजार जणांना रोजगार आहे आणि दाभोळ खाडीतील मासळी घटल्याने सुमारे २० हजार जणांचा रोजगार गेला असे तेथील लोक सांगतात, असा उल्लेख त्या अहवालात आहे. या दोन आकड्यांकडे नीट पाहावे. पहिला आकडा हजेरीपटावरून, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यांवरून पडताळता येतो. दुसरा ‘लोक सांगतात’. तो खोटा असेल असे मानण्याचे कारण नाही. कदाचित प्रत्यक्ष आकडा त्याहून मोठाही असेल. पण पडताळायचा कशावरून? भोयाच्या टोपलीचा हजेरीपट कुणी ठेवलाच नव्हता. कारखानदाराचा वकील नेमका याच फटीत पाचर मारतो.

आणि पाचर मारायला वाशिष्ठीत जागाही भरपूर आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कोयना प्रकल्पाची वीज तयार झाली की पूर्ववाहिनी कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरते आणि पोफळीखालून वाशिष्ठीला मिळते. १९६०च्या दशकाच्या आरंभापासून हे चालू आहे, आणि या पश्चिमेकडील वळवणुकीची वार्षिक मर्यादा ६७.५ अब्ज घनफूट इतकी आहे. ज्या खाडीत उन्हाळ्यात खारेपण वाढत जायचे तिथे बारमाही गोडे पाणी येऊ लागले. म्हणजे लोट्याचा पहिला धुराडा उभा राहण्याआधीच वाशिष्ठीची मासळी बदललेली असणार. त्याशिवाय वाळूउपसा आहे, डोंगरातील जंगलतोडीने आलेला गाळ आहे, जुलै २०२१च्या महापुरानंतर झालेला गाळउपसा आहे, मुखाशी यांत्रिक नौका आहेत, पर्ससीन जाळी आहेत. कारखानदार म्हणणार, मासे ट्रॉलरने नेले. ट्रॉलरवाला म्हणणार, कारखान्याने मारले. वाळूवाला कशातच नसतो! या साऱ्या कारणांतून एका कारणाचा वाटा वेगळा काढायचा कसा?

शास्त्राकडे याचे उत्तर आहे आणि ते कुठल्याही किराणा दुकानदाराला समजेल इतके सरळ आहे. एक खाडी मोजून भागत नाही, दोन मोजाव्या लागतात : एक संशयित, दुसरी तशीच पण रासायनिक वसाहत नसलेली. वाशिष्ठीच्या जोडीला, समजा, वाघोटणची विजयदुर्ग खाडी घेतली. दोन्हीकडे एकाच प्रकारच्या जाळ्याने, एकाच तिथीला, वर्षानुवर्षे मोजणी झाली. समजा, एका खेपेला सरासरी वीस मासे दोन्हीकडे मिळत होते. दहा वर्षांनी विजयदुर्गला पंधरा मिळू लागले आणि वाशिष्ठीत आठ. विजयदुर्गचे पाच कमी झाले ते साऱ्या किनाऱ्याचे दुखणे. ट्रॉलर, पर्ससीन, बिघडलेला पाऊस, जे काही असेल ते. वाशिष्ठीतही तेवढे पाच त्याच खात्यावर मांडा. उरलेले सात मासे मात्र वाशिष्ठीच्या स्वतःच्या दुखण्याचे आहेत. मग खाडीच्या आतही तीन जागा घ्यायच्या : सांडपाणी मिळते त्याच्या वर, त्याच्या लगत आणि बरेच खाली. सात माशांची तूट लगतच्या जागी सर्वाधिक असेल आणि दूर जाताना विरळ होत असेल तर बोट आपोआप एका दिशेला वळते. तूट सर्वत्र सारखी असेल तर कारखान्याला उगाच दोष देता कामा नये. कोयनेचे पाणी, गाळ, वाळू यांकडे पाहावे लागेल. मोजणी दोन्ही बाजूंना बांधून घेते, म्हणूनच ती दोन्ही बाजूंना नकोशी असते.

पाहुणे आणि रहिवासी हा भेद इथे पुन्हा उपयोगी पडतो. पाहुणी मासळी कमी पण निवट्या, काळुंदर आणि तिसऱ्या जागेवर, असे चित्र असेल तर अडथळा मुखाशी किंवा समुद्रात असण्याचा संभव अधिक. रहिवासीच नाहीसे झाले तर विष घरात आहे. मोठे मासे आहेत पण पिल्ले नाहीत, तर प्रजनन बिघडले. पिल्ले आहेत पण मोठे नाहीत, तर जाळ्यांचा अतिरेक पाहावा. केवळ एकूण किलो मोजले तर यातले काहीच कळत नाही. जात, लांबी आणि संख्या या तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात.

सध्या आपल्याकडे काय मोजले जाते? सरकारी यंत्रणा काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राने १९६९ मध्ये, केंद्राच्या १९७४च्या जलप्रदूषण कायद्याच्याही आधी, स्वतःचा कायदा केला आणि १९७०मध्ये मंडळ स्थापले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई परिसरातील खाड्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. उल्हास नदीच्या मुखाजवळील गाळात साचलेल्या पाऱ्याविषयी तिच्या संशोधकांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध महत्त्वाचा आहे. पाणी वाहून जाते, गाळ साठवून ठेवतो; म्हणून गाळाची तपासणी हवीच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे अंदाज दरवर्षी देते. परंतु ती गणना प्रामुख्याने समुद्रातील मासेमारीची. खाडीत गुडघाभर पाण्यात पाग टाकणाऱ्याची टोपली त्यात क्वचितच उमटते. ती बंदरावर जातच नाही, ती थेट आठवडी बाजारात किंवा शेजारच्या वाडीत जाते.

ठाणे खाडीत दरवर्षी रोहित पक्षी मोजले जातात. २०१९च्या गणनेत त्यांची संख्या लाखाहून अधिक भरली. २०२२मध्ये या खाडीला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. त्याबद्दल आनंद जरूर मानावा. पण रोहित पक्ष्यांना जे शेवाळ लागते ते शहरी सांडपाण्याच्या खतावरही फोफावते, हे तज्ज्ञ वारंवार सांगत आले आहेत. त्याच खाडीत कोपरी, विटावा, ऐरोलीच्या कोळीवाड्यांची जाळी वर येतात तेव्हा त्यांत मासळीपेक्षा प्लॅस्टिक अधिक असते. गुलाबी थवे पाहून खाडी सुदृढ आहे असा निष्कर्ष काढणाऱ्याने कोळणीच्या पाटीतही एकदा डोकवावे.

आपल्या कायद्याने मात्र माशाला फार पूर्वीच साक्षीदार मानले आहे, ही गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार कारखान्याच्या सांडपाण्याची जैवचाचणी होते. कसलीही भेसळ न केलेल्या, शंभर टक्के सांडपाण्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनी त्यांतील किमान ९० टक्के जिवंत असले पाहिजेत. चार दिवस आणि चार रात्री. रसायनांच्या यादीत एखादे विष नसेलही, माशाला ती यादी ठाऊक नसते. ही चाचणी चांगलीच आहे, पण तिची मर्यादाही लक्षात घ्यावी. ती तीव्र विष पकडते, संथ विष नाही. आणि नमुना ज्या दिवशी घेतला त्या दिवसापुरतीच ती बोलते. पहिल्या पावसाच्या गढूळ लोंढ्याबरोबर साठवलेले पाणी सोडून दिले जाते, ही खाडीकाठच्या गावांची जुनीच तक्रार आहे. त्या रात्री नमुना घ्यायला कुणीही येत नाही.

प्रकल्प येण्यापूर्वीच्या पर्यावरणीय आघात अहवालांची कथा तर याहून विचित्र. अनेक अहवाल एकाच ऋतूच्या, तोही पावसाळा वगळून केलेल्या पाहणीवर उभे असतात. कोकणच्या खाडीचे सारे जीवनचक्र पावसावर फिरते. जिताड्याचे प्रजनन, कोळंबीचे येणे-जाणे, पाण्याचे गोडे-खारे होणे, सगळे जून ते ऑक्टोबर. परीक्षेत नेमका तोच धडा गाळलेला! जैतापूरचा प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्प घ्या. तो व्हावा की नको यावर मतभेद आहेत आणि आजच्या विषयाला त्या वादात शिरण्याची गरज नाही. सहा अणुभट्ट्या उभ्या राहिल्या तर त्या समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी घेऊन अधिक उबदार करून परत सोडणार, हे सर्वांना मान्य आहे. साखरी नाट्याच्या मच्छीमाराचा प्रश्न आहे की त्याने मासळीवर काय परिणाम होईल. समर्थक म्हणतात काही नाही, विरोधक म्हणतात सर्वनाश. प्रकल्प उभा राहिलेला नाही, हीच मोजणीची सुवर्णसंधी आहे. आज दहा वर्षांची वही तयार झाली तर प्रकल्प झाल्यास ती मच्छीमाराच्या हक्काचा आधार होईल आणि परिणाम झालाच नाही तर प्रकल्पाच्या बाजूचाही पुरावा होईल. प्रकल्प झालाच नाही तरी ती वही वाया जाणार नाही. वाशिष्ठीच्या बाबतीत ही संधी कोयनेपूर्वी होती, लोट्यापूर्वी होती, दोन्ही वेळा निसटली.

टेम्सच्या चाळणीचा धडा इथे लागू करायला कोणती अडचण आहे? तुर्भ्याचे औष्णिक वीजकेंद्र ठाणे खाडीचे पाणी घेते, डहाणूचे केंद्र डहाणूच्या खाडीचे. पाणी घेणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या तोंडाशी चाळणी असतेच आणि तिच्यावर काहीतरी अडकतेच. ते काय अडकते, किती आणि कोणत्या महिन्यात, याची नोंद ठेवून ती दरमहा जाहीर करावी, अशी एक अट परवान्यात घालायला नवा कायदाही लागत नाही.

राहिला प्रश्न गावांचा. हे काम शास्त्रज्ञांचे, आपल्याला काय जमणार, असे काठावरच्या माणसाला वाटते. वस्तुतः या कामातील सर्वांत कठीण भाग त्याला जन्मजात येतो. मोजणी तुलनायोग्य व्हायची तर भरती-ओहोटीची अवस्था एकच असावी लागते. उधाणाचे आकडे भांगाच्या आकड्यांशी जुळत नाहीत. परदेशातील विद्यार्थी त्यासाठी तक्ते घेऊन बसतो. आपल्या कोळ्याला तिथी सांगितली की पाणी कळते. अष्टमीला भांग, पौर्णिमा-अमावास्येला उधाण. प्रत्येक महिन्याच्या दोन्ही अष्टम्यांना, ओहोटीच्या शेवटी, ठरलेल्या तीन जागी, एकाच आसाचा पाग प्रत्येकी दहा वेळा टाकायचा. जे मिळेल ते जातवार मोजायचे, फूटपट्टीवर ठेवून भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यायचे आणि लहान पिल्ले परत पाण्यात सोडायची. खारेपणा मोजण्याचे साधे उपकरण आणि प्राणवायू तपासण्याचा संच शाळेच्या प्रयोगशाळेला परवडतो. एकही मासा मिळाला नाही तर तो दिवस सोडून द्यायचा नाही. त्या रकान्यात शून्य लिहायचे. नवशिक्या मोजणीदारांची सर्वांत मोठी चूक हीच असते की रिकाम्या जाळ्याची ते नोंद करत नाहीत. खरे तर न आलेल्या माशाची नोंद वहीत त्या शून्यानेच होते.

पाग टाकणारा मच्छीमार, नावे लिहिणारा शाळेचा विद्यार्थी, पडताळणी करणारा महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, अशी तिघांची जोडी प्रत्येक खाडीवर बसवता येईल. वर्षातून एकदा बाहेरच्या संस्थेकडून तिची तपासणी करून घ्यावी, म्हणजे न्यायाधिकरणात ‘ही तर विरोधकांची वही’ असा आक्षेप टिकणार नाही. कारखान्यालाही मोजणीच्या दिवशी आपला माणूस पाठवायला सांगावे. त्याने त्याच पानावर सही करावी. मूळ वही मच्छीमार सोसायटीत राहावी आणि दर तिमाहीस तिची प्रत शाळेत, मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात पोच घेऊन द्यावी.

गावातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या जुन्या खाडीकरांची आठवण लिहून घेण्याचे कामही याला जोडूनच व्हावे, आणि ते लगेच व्हावे. कोणत्या डोहात कोणत्या महिन्यात कोणता मासा लागत असे, तो कोणत्या वर्षीपासून लागेनासा झाला, हे एकेकाला स्वतंत्रपणे विचारावे, एकत्र बसवून नव्हे. एकत्र बसले की सर्वांत मोठ्या आवाजाची आठवण सर्वांची होते. दहा जणांच्या दहा उत्तरांत सात जणांनी एकच वर्ष सांगितले तर त्या वर्षी काय झाले ते शोधता येते. ही माणसे आज आहेत.

किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि नारळी पौर्णिमेनंतर नौका जोमाने दर्यावर जातात. खाडीतील मोजणीला मात्र सुट्टी नको. किंबहुना जूनमधली पहिली अष्टमी, पहिल्या लोंढ्यानंतरची, ही साऱ्या वर्षातील सर्वांत मोलाची नोंद असेल. पाऊस, गढूळ पाणी आणि निसरडा काठ यांमुळे नेमकी तीच चुकण्याचा संभव असतो, म्हणून त्या दिवशीच्या पागाची जबाबदारी दोन कुटुंबांकडे सोपवून ठेवावी.